रागीतली तुळस

शेताकडे बघताना माझी नजर आधी पिकावर जात नाही. पेरलं नव्हतं आणि तरी उगवलं, तिकडे जाते. माहेर निपाणीकडचं, वडिलांची शेती, त्यामुळे ही खोड लहानपणापासूनची. तंबाखूच्या सऱ्यांत मधेच ताठ उभी राहिलेली ज्वारी, मिरचीत फुललेला एकटा झेंडू, भांगलणाऱ्या बायका जिथे बसून भाकरी खातात तिथे हमखास उगवलेली टोमॅटोची रोपं. वडील म्हणायचे, "पेरलेलं पोटासाठी, आगंतुक बघण्यासाठी." पण हे म्हणता म्हणता हात खाली जायचा आणि आगंतुक मुळासकट बांधावर पडायचं. शेतकऱ्याला तण ते तण.

लग्न होऊन मी म्हैसूरला आले ती मंडी मोहल्ल्यातल्या शिंप्यांच्या घरात. गळ्यात तुळशीची माळ, दाराशी शिवणयंत्र, रोज संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात भजन. मराठी बोलायची, पण चार शब्दांत दोन कन्नड. पहिल्या दिवशी थोरले दीर मला म्हणाले, "स्वल्प पाणी दे, अल्वा, ऊन फार आहे," आणि मी घरभर स्वल्प नावाचं भांडं शोधत बसले. स्वल्प म्हणजे थोडं आणि अल्वा म्हणजे नाही का, हे मागाहून कळलं. दुकान दोघा भावांचं. थोरले कापड कापायचे, आमचे हे शिवायचे. जाऊबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे भाऊजी आमच्यातच जेवायचे. घरात आम्ही तिघं आणि पुढे माझ्या दोन मुली.

सासऱ्यांनी हयातीत हेब्बाळच्या बाजूला दीड एकर जमीन घेऊन ठेवली होती. आज तिकडून कंपन्यांच्या बसेस जातात. तेव्हा सगळं रान होतं आणि कारखान्यांची पहिलीवहिली शेडं उभी राहायला लागली होती. जमीन पडून असायची. ह्यांच्या डोक्यात काय आलं देव जाणे, एका वर्षी म्हणाले, "मी रागी करणार." आमच्या निपाणीकडे नाचणी म्हणतात ती इथे रागी, आणि म्हैसूरकडच्या घराला रागीशिवाय दिवस जात नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला दोरा ओवायची सवय, नांगर नाही." झालं, मी असं म्हटल्यावर तर त्यांनी करायचंच ठरवलं.

पहिल्या वर्षी त्यांनी बी इतकं दाट टाकलं की रोपांना श्वास घ्यायला जागा उरली नाही. दुसऱ्या वर्षी सल्ला घ्यायचा नाही म्हणून पेरणी उशिरा केली आणि कणसं भरलीच नाहीत. गळ्यात टेप अडकवूनच शेतावर जायचे आणि दोन ओळींतलं अंतर मोजायचे. शेजारचे गौडरू, म्हणजे पलीकडच्या वावराचे म्हातारे मालक, बांधावर उभे राहून हसायचे. हसू मलाही यायचं, पण खरं सांगते, त्या माणसाला मातीत बसलेलं बघून मला फार बरं वाटायचं. दुकानात दिवसभर मान खाली घालून बसणारा हा माणूस शेतावर गेला की शीळ घालायचा.

भाऊजींना मात्र हे सगळं खूळ वाटत होतं. त्यांना दुकान मोठं करायचं होतं, हमरस्त्यावर न्यायचं होतं, आणि जमिनीला गिऱ्हाईक लागलं होतं. शेड बांधायला जागा शोधणारा एक गृहस्थ दर महिन्याला दुकानात येऊन चहा पिऊन जायचा. त्या वैशाखात एक दिवस जेवणं झाल्यावर भाऊजींनी विषय काढला.

"नोड तम्मा," ते म्हणाले. नोड म्हणजे बघ, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "एकदाच सांगतो. हे एक वर्ष तुझं. शेतातली रागी घराला वर्षभर पुरली पाहिजे, पुढची सुगी येईपर्यंत. मधे एकदा जरी वाण्याच्या दुकानातनं रागीची पिशवी आली, तर जमीन विकायची. मत्ते परत बोलायचं नाही."

"साकु अण्णा, पुरे. कबूल," हे म्हणाले.

भाऊजी शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गिऱ्हाइकालाही हीच अट सांगून टाकली, त्यामुळे अख्ख्या मोहल्ल्याला ती कळली. ह्यांची झोप उडाली. जमीन गेली असती तर हा माणूस उपाशी मेला नसता, पण त्याची शीळ कायमची बंद झाली असती. मला तेवढंच दिसत होतं.

आता ह्यांनी कसूर ठेवायची नाही असं ठरवलं. गौडरूंचा सल्ला घ्यायचा, वेळेवर पेरायचं, आणि खत भरपूर घालायचं. खताची सोय त्यांनी आधीच केलेली होती, आणि तीच आमच्या अंगाशी आली.

देवळातलं निर्माल्य कुठे टाकायचं हा आमच्या लोकांत कायमचा प्रश्न. रोजचे तुळशीचे हार, एकादशीला तर ढीगच्या ढीग. पायाखाली येता कामा नये, कचऱ्यात जाता कामा नये. आधी कोणीतरी सायकलवरून तळ्यावर नेऊन सोडायचं. मग तळं आटलं. तेव्हा आमचे हे देवळाच्या सभेत उठून म्हणाले, "माझ्या शेतात खड्डा करतो. देवाचं मातीत जाईल, अल्वा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांनी खड्डा खणला, त्याला उकिरडा म्हणायचं नाही अशी घरात सक्त ताकीद दिली, आणि दीड-दोन वर्षं देवळाचं सगळं निर्माल्य तिथे पोचवलं. पेरणीआधी खड्डा उकरला तर आत काळी, भुसभुशीत माती. शेणखतात मिसळून ती त्यांनी अख्ख्या वावरात पसरली. पुण्यही पदरात आणि खतही, अशी त्यांची खुशी. एका दगडात दोन पक्षी मारल्यावर माणूस जसा चालतो तसे ते चालत होते.

पेरणी झाली, पाऊस वेळेवर आला, रागी उगवली. तीन आठवड्यांनी भांगलण काढायची म्हणून मी ह्यांच्याबरोबर शेतावर गेले. रागीची पाती बारीक, गवतासारखी, ओळीत उभी. आणि ओळींच्या मधे, ओळींच्या आत, बांधापासून बांधापर्यंत दुसरंच काहीतरी माजलेलं. लहान लहान, कातरलेल्या कडांची, जोडीजोडीनं लागलेली पानं. मी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि तिथेच खाली बसले.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"तुमचं पुण्य उगवलंय," मी म्हटलं.

हारांतल्या मंजिऱ्यांचं बी. देवाच्या गळ्यातून उतरून खड्ड्यात गेलेलं, खड्ड्यातून दीड एकरात. रागीच्या शेतात रागीपेक्षा तुळस जास्त, आणि तीही रागीच्या तोंडचं पाणी पळवणारी, धट्टीकट्टी.

भांगलायला गावातल्या बायका आल्या होत्या. पहिलीनं खुरपं मातीत घातलं, रोप बघितलं आणि खुरपं बाहेर काढलं. "अय्यो, तुळसम्मा! कीळबारदु कणव्वा," ती म्हणाली. उपटायची नाही. बाकीच्यांनी नुसतं एकमेकींकडे बघितलं, खुरपी कमरेला खोचली आणि एकेक रोपाला हात लावून, तो हात कपाळाला लावत सगळ्या बांधावर जाऊन बसल्या. मजुरी बुडली तरी चालेल म्हणाल्या. गौडरूंना बैल आणि कोळपं घेऊन बोलावलं. कोळपं ओळींमधून गेलं असतं तर तासाभरात काम झालं असतं. म्हातारे शेताच्या तोंडाशी आले, वास घेतला आणि बैल परत वळवले. "नम्म कैलि आगल्ल स्वामी," ते म्हणाले. आमच्या हातून नाही होणार. "माळ तुमच्या गळ्यात आहे, तुम्हीच बघा."

माळ गळ्यात होती हीच तर पंचाईत. जन्मभर जिला पाणी घातलं, जिच्यापुढे दिवा लावला, तिला तण म्हणून उपटून फेकायचं? हे बांधावर बसले, टेप हातात धरून. मी पदर खोचला. म्हटलं, मी शेतकऱ्याची पोर आहे, मला कसली आलीय भीड. चार पावलं आत गेले, वाकले, रोप मुठीत धरलं. वडिलांचा हात आठवला. पण हाताला तुळशीचा वास लागला आणि मूठ आपोआप सुटली. मागे वळून बघितलं तर हे माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला आजही दिसतं. मी उपटेन अशी भीतीही होती, आणि उपटावी अशी आशाही.

बातमी मोहल्ल्यात पसरली. कोणी म्हणालं चमत्कार आहे. पुढच्या शुक्रवारी शेतावर गेलो तर मधल्या एका दांडग्या तुळशीला कोणीतरी हळदकुंकू वाहून नारळ फोडून गेलेलं. रागीची पाती पिवळी पडायला लागली होती. भाऊजी दुकानात कात्री चालवता चालवता म्हणाले, "देवानंच निकाल दिला, तम्मा." त्यात खोचकपणा नव्हता, वाईट वाटल्याचाच सूर होता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

त्या रागातच मी देवळात गेले. भजन संपलं होतं, बुवा टाळ गोळा करत होते. मी सगळ्या पुरुषांसमोर म्हटलं, "बुवा, लेकीला घराबाहेर काढतात का?"

"नाही बा," ते गोंधळून म्हणाले.

"पण पाठवणी करतात ना? मग आमच्या शेतातल्या लेकींची पाठवणी करा. उपटायच्या नाहीत. मुळासकट, मातीसकट न्यायच्या आणि दारात लावायच्या. हार तुमचे सगळ्यांचे होते. लेकी एकट्या आमच्याच कशा?"

बुवा हसले. मग सगळेच हसले. पण लगेच दिवसाचा घोळ सुरू झाला. रविवारी दुकानं बंद, पण रविवारी तुळशीला हात लावत नाहीत. मंगळवार नको, शुक्रवार नको, द्वादशीला तर मुळीच नको, एकादशीला उपास. एक म्हातारी आत्या प्रत्येक दिवसाला नाही म्हणत गेली आणि बघता बघता आठवड्यात एकही दिवस उरेना. शेवटी बुवांनी तोडगा काढला. "आत्या, तोडू नये म्हणून सांगितलंय. लावू नये म्हणून कुठे सांगितलंय?" रविवार ठरला.

त्या रविवारी काय लोक आले म्हणून सांगू! डालड्याचे डबे, फुटके माठ, दुधाच्या पावडरीचे डबे, एकाकडे तर झाकण हरवलेला कुकर. आणि शिंपीच ते, प्रत्येकानं दुकानातलं कातरणांचं पोतं आणलेलं. रोप मातीच्या गोळ्यासकट काढायचं, गोळ्याभोवती कापडाचा तुकडा गुंडाळायचा, वर दोऱ्याची गाठ. बघता बघता बांधावर तुळशींची रांग लागली. कोणाच्या मुळाला सॅटिन, कोणाच्या खादी, कोणाच्या शाळेच्या गणवेशाची निळी पट्टी. जयलक्ष्मीपुरमला कॉलेजात शिकवणारे आमच्यातले एक प्राध्यापक बूट घालून आले होते, ते बूट हातात घेऊन परत गेले. मंडीतला बटणं विकणारा मुसलमान शेजारीही आला. खोकल्याला चांगली म्हणून दोन रोपं नेली आणि जाताना एक ओळ साफ करून गेला.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, ती गौडरूंच्या आली. शिंप्याला दिवसभर मांडी घालून, वाकून, बारीक कामावर नजर ठेवायची सवय. आमचे लोक ओळीत बसले की उठायचे नाहीत. रागीच्या एका पात्याला धक्का न लावता बोटानं माती उकरायचे, तुळस अलगद काढायचे, आणि सवयीनं खालची माती पुन्हा सारखी करायचे. भांगलणही झाली, माती भुसभुशीतही झाली. गौडरू बांधावरून ओरडले, "पुढच्या वर्षी माझ्या शेताला पण हेच दर्जी पाठवा!"

असे तीन रविवार गेले. मंडी मोहल्ल्यात तुळस नाही असं एक दार उरलं नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी भाऊजी आले. छत्री घेऊन, इस्त्रीच्या धोतरात, कित्येक वर्षांनी त्या जमिनीवर. बराच वेळ बांधावर उभे राहून भावाकडे बघत होते. हे मातीत बसलेले, पाठ आमच्याकडे, आणि शीळ घालत होते. भाऊजींनी छत्री मिटली, धोतर वर खोचलं आणि शेवटच्या कोपऱ्यातल्या ओळीत जाऊन बसले. उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "माती बरी आहे."

रागी सावरली, पण सुरुवातीचा फटका बसायचा तो बसलाच. सुगी झाली, मळणी झाली, आणि घरातली पत्र्याची कोठी वरपर्यंत भरली नाही. बरीच रिकामी राहिली. हे कोठीत हात घालून उभे होते. मी रोज स्वयंपाक करणारी, मला हिशेब करायची गरजच नव्हती. गणपतीच्या आसपास कोठी संपणार होती. भाऊजींनीही वाकून आत बघितलं आणि दुकानात गेले.

संक्रांतीनंतर एक दिवस मी त्यांच्या ताटात मुद्दे वाढायला गेले. रागीच्या पिठाचा गरम गोळा, सारात बुडवून न चावता गिळायचा. भाऊजींचा जीव त्यात. दोन्ही वेळा लागायचं आणि एकानं भागायचं नाही. त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बेडा, नको. वय झालं. मुद्दे जड पडतंय. भात वाढ."

मी भात वाढला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी ओवा दिला, हिंग दिला, डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागले. रात्री हे माझ्याजवळ म्हणाले, "अण्णाला माझी रागी गोड लागत नाही." त्यांना ते फार लागलं. एवढी धडपड करून पिकवलेलं अन्न, आणि सख्खा भाऊ तोंडात घालत नाही. पुढे पुढे तर म्हणायला लागले, "विकूनच टाकू. कोणासाठी ठेवायची?"

मार्चच्या सुमाराला नातलगांत एक बारसं होतं. बायकांची पंगत उरकून मी वाढायला उभी राहिले, तर समोर पुरुषांत भाऊजी. पानात मुद्दे. एक संपलं, दुसरं मागितलं, दुसरं संपलं आणि तिसऱ्याकडे बघत होते, तेवढ्यात मी दिसले. त्यांचा घास हातातच राहिला. मी भांडं घेऊन तशीच पुढे गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. त्या माणसाला शब्द मागे घेता येत नव्हता, अट सगळ्या मोहल्ल्याला माहीत होती. म्हणून त्यानं अट पुरी करायला घेतली होती, स्वतःच्या ताटातून.

घरी आल्यावर मी ह्यांना काही सांगितलं नाही. भाऊजींनी ज्या कष्टानं झाकलं होतं ते मी कसं उघडं करणार? ते भात मागायचे, मी भात वाढायचे. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचो नाही. ह्यांची चिडचिड मात्र मी ऐकून घेतली नाही. एकदा चांगलं फटकारलं, "ज्याला त्याला आपलं पोट कळतं, तुम्ही तुमचं बघा," आणि त्यावर ते दोन दिवस रुसून होते.

पावसाळा गेला. दसरा, दिवाळी गेली. कोठीचा तळ दिसायला लागला होता, आणि शेतात नवी रागी पिवळी झाली होती. वाण्याकडून एकही पिशवी आली नाही. नव्या रागीचं पहिलं पीठ दळून आणलं तेव्हा जुन्याचं शेरभर अजून डब्यात होतं.

त्या दुपारी दोघे भाऊ समोरासमोर जेवायला बसले. भाऊजींनी विचारलं, "जुनी पुरली?"

"पुरली, भाऊजी," मी म्हटलं. "उरली सुद्धा."

"हं. मग त्या शेडवाल्याला उद्या सांगून टाकतो, येऊ नको म्हणून." आणि ताट पुढे सरकवत म्हणाले, "वाढ."

मी मुद्दे वाढलं, वर सोप्पूचं, म्हणजे पालेभाजीचं, सार घातलं. त्यांनी एक संपवलं. दुसरं मागितलं. दुसरं संपलं तसं ताट पुन्हा पुढे केलं. ह्यांचा हात आपल्या ताटात थांबला होता. ते भावाकडे बघत होते. मग वळून त्यांनी कोठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"अण्णा," हे म्हणाले. "तुमचं पोट?"

"बरं झालं," भाऊजी म्हणाले. "आयतु, झालं ते. जेव तू, गार होतंय."